हार मिळाला, हरकतही मिळाली

कमलनगर,
सोमवार, दुपार (दुकानात गिऱ्हाईक नाही)

तीर्थस्वरूप राघोबाकाका आणि सौ. राजूकाकू यांच्या चरणी शरणबसवचा साष्टांग नमस्कार, आणि आमच्या घरच्या रीतीप्रमाणे शरणु शरणार्थी. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. 'सगळे' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या आहेत त्या चुकून नव्हे. त्या सगळ्यांत अप्पाही आले, आणि मी हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा ते ओसरीवर बसून ज्वारीची कडक भाकरी शेंगाच्या चटणीबरोबर मोडत होते. (दात नाहीत, हट्ट आहे.) राजूकाकूंचा गुडघा कसा आहे? लातूरच्या त्या फ्लॅटची लिफ्ट दुरुस्त झाली, की काकू अजून वरच अडकून आहेत? तुमच्या घराची किल्ली आमच्या देव्हाऱ्यापाशी ठेवली आहे. सौ. उमादेवी दर सोमवारी दार उघडून झाडलोट करते आणि तुमच्या तुळशीला पाणी घालते. तुळस बरी आहे. उंदीरही बरे आहेत.

पत्र लिहायचं कारण असं की तुम्ही फोन उचलत नाही. मी केला तर वाजून वाजून बंद पडतो. उमादेवीने केला तर काकू उचलतात आणि 'हे झोपलेत' म्हणतात. सकाळी झोपलेत, दुपारी झोपलेत, दिवेलागणीलाही झोपलेत, आणि मागून तुमचा खोकला ऐकू येतो. काका, तुम्ही रुसलात हे साऱ्या कमलनगरला ठाऊक झालं आहे, आणि तुमचा राग रास्त आहे. उदगीरच्या स्टँडवर चार लोकांच्या देखत तुम्हाला जिवंत माणसासाठी रडावं लागलं. पण त्यात आमचा दोष किती, मिठाचा किती आणि नियमांचा किती, हे सगळं ऐकून मगच ठरवा, म्हणून मुळापासून लिहितो. तुमचा हार मिळाला. तुमची हरकतही मिळाली. दोन्ही एकाच दिवशी मिळाली, आधी हार, मागून हरकत. हाराची फुलं केव्हाच सुकली, हरकत मात्र पंचायतीत अजून टवटवीत आहे, आणि तिच्यापायी आमच्या शैलश्रीचं घरी राहणं अडलं आहे. तुम्ही येऊन ती उचललीत तर पोरगी घरी राहील, नाही तर बिदरला खोली घेईल. आता ऐका.

तुम्ही जिला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलीत ती शैलश्री आता बिदरच्या कॉलेजात गणित शिकवते. नोकरी पक्की झाली त्या दिवशी उमादेवीने एवढी हुग्गी शिजवली की गल्ली दोन दिवस गोडच खात होती. पण नोकरी बिदरला आणि आपण कमलनगरला. बस भालकीला जाऊन एवढा वेळ टेकते की कॉलेजातली पोरं तोवर पास होऊन निघून जातील. म्हणून तिने विजेवर चालणारी गाडी घेतली. पांढरी आहे, देखणी आहे, आणि आवाज म्हणून करत नाही. (अप्पांनी तिच्यात बसायला साफ नकार दिला. म्हणाले, "जी गाडी चालू झालेली कळत न्हाई, ती बंद पडलेली कशी कळंल?") पोरीने आल्या आल्या बजावलं, की घरी नीट चार्जर बसवा, मी रोज जाऊन-येऊन करते, ते जमत नसेल तर बिदरला खोली बघते. खोली हा शब्द ऐकून उमादेवी स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला लागली. भांडी घासलेलीच होती. मी त्याच वेळी मनाशी ठरवलं की काही झालं तरी चार्जर बसवायचा.

काका, मला वाटलं होतं चार्जर म्हणजे मोबाइलचा असतो तसा, जरा थोराड. म्हणून पहिले काही दिवस मी माझ्या अकलेने चालवलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर काढली, तिला दुसरी जोडली, दुसरीला दुकानातली प्लगांची पांढरी पट्टी जोडली, आणि ती फरपटत अंगणापर्यंत नेली. फ्रिज बंद ठेवला, मिक्सरला सुट्टी दिली. रात्रभर गाडी त्या वायरीला लुचत राहिली आणि सकाळी बघतो तर जेमतेम भालकीपर्यंत जाईल एवढंच पोट भरलेलं. तिसऱ्या दिवशी घरभर जळका वास सुटला. उमादेवीला वाटलं चटणी करपली, मला वाटलं शेजारी काही पेटवलंय, आणि अप्पांना वाटलं मी विडी ओढायला लागलो. पांढरी पट्टी वितळून फरशीला चिकटली होती. ती खरवडून काढली तरी तिचा नकाशा अजून तिथे आहे, या म्हणजे दाखवतो. शैलश्रीने माझ्याकडे असं बघितलं, जसं ती पुढे नापास पोरांकडे बघणार होती, आणि म्हणाली, "बाबा, नियमानं करू या."

नियमानं करायचं म्हणून मी वीज ऑफिसात गेलो. तिथे नव्या इंजिनियर आल्या आहेत, सुधारानी मॅडम, म्हैसूरकडच्या. वयाने आमच्या शैलश्रीएवढ्याच, पण नियम सांगायला लागल्या की मठातल्या स्वामींसारख्या शांत. मराठी त्यांना कळतं, बोलायला लाजतात. कन्नडमध्ये त्यांनी मला जे सांगितलं ते मराठीत असं: तुमच्या घराचा सँक्शन लोड दिवे, पंखे आणि फ्रिजपुरता आहे. गाडीचा चार्जर एकटाच त्याच्या दुपटीने खातो. तर आधी लोड वाढवून घ्या. मीटर ज्याच्या नावावर आहे त्याची सही आणा. काम लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडून करा आणि त्याचा रिपोर्ट जोडा. जाड तांब्याची वायर मीटरपासून थेट चार्जरपर्यंत, मध्ये जोड नको. वीज गळली तर आपोआप पडणारा स्विच हवा. चार्जर पावसाच्या पाण्यापासून उंच हवा. आणि त्याची अर्थिंग वेगळी हवी, चांगली खोल. मी सगळ्याला मान हलवली. बाहेर आल्यावर लक्षात आलं की यातलं मला फक्त 'सही आणा' तेवढं समजलं होतं. मीटर अप्पांच्या नावावर. अप्पांनी सही केली, पण आधी विचारलं, "शरण्या, तू घरात गाडी ठेवायलास का पिठाची गिरणी टाकायलास?"

मग चिटगुप्प्याहून सिद्धेश्वर आला, लायसनवाला. हा माणूस तोंडात कायम पान ठेवून बोलतो, त्यामुळे त्याचं निम्मं बोलणं पानातच राहतं. त्याने घर बघितलं, अंगण बघितलं, तुमच्या-आमच्या दारांमधल्या जागेवर टाच आपटली आणि म्हणाला, अर्थिंग इथंच, माती वल्ली हाय. हल्ली तयार पावडरी मिळतात म्हणे, पण सिद्धेश्वरचा विश्वास जुन्या रीतीवर: खोल खड्डा, तांब्याची पट्टी, मीठ आणि कोळसा. अंगण आपल्या दोन्ही घरांचं सामाईक, हे मला माहीत होतं. तुम्हाला आधी फोन करून विचारायला हवं होतं, तेही माहीत होतं. पण काका, तुमच्या अंगणात आणि आमच्या अंगणात फरक असतो हे मला लहानपणापासून कोणी शिकवलंच नाही. राजूकाकूंनी आमचे पापड वाळवले, उमादेवीने तुमच्या शेवया वाळवल्या, त्याच्यासाठी कधी कुणी कुणाला विचारलं नाही, म्हणून खड्ड्यासाठीही विचारलं नाही.

आता नीट लक्ष द्या, कारण घोटाळा इथे झाला आणि तो आमच्यासारख्यांच्याच घरी होऊ शकतो. तुम्ही आमच्यातल्या कितीतरी मयतीला आला आहात. आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत, खड्डा खोदून बसती समाधी देतात, विभूती आणि बेलाची पानं घालतात, आणि मीठ घालतात. पोत्याने घालतात. तर त्या आठवड्यात झालं असं. अप्पांना ताप होता, दोन दिवस ते बाहेर कट्ट्यावर दिसले नव्हते. शुक्रवारी सकाळी सिद्धेश्वरच्या दोन माणसांनी घरासमोर खड्डा धरला. त्याच वेळी माझ्या दुकानासमोर हमालाने खडेमिठाची पोती उतरवली आणि 'ही कुठं न्यायची' म्हणून ओरडून विचारलं. मी म्हटलं, "घरी, अप्पांच्या खड्ड्यापाशी." (सही अप्पांची, मीटर अप्पांचं, म्हणून आम्ही सगळे त्याला अप्पांचाच खड्डा म्हणत होतो.) आणि उमादेवीने नव्या गाडीच्या पूजेसाठी मठातल्या अय्यांना बोलावलं होतं, ते बेलाची पानं आणि विभूती घेऊन त्याच सुमाराला गल्लीत शिरले. खड्डा, मीठ, बेल, विभूती, अय्या, आणि अप्पा दोन दिवस दिसलेले नाहीत. गल्लीने बेरीज केली. बेरीज चुकीची होती असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

पहिल्यांदा पलीकडच्या चन्नव्वा आल्या. दारातच त्यांनी जो हंबरडा फोडला तो ऐकून सिद्धेश्वरचा एक माणूस खड्ड्यातून वर यायला घाबरला. मागोमाग भजनी मंडळ आलं, झांजा घेऊन. उमादेवी मागच्या अंगणात गाडी पुसत होती, मी वजनकाट्यावर होतो, त्यामुळे 'अहो काय झालं' असं विचारणारं दारात कोणीच नव्हतं. लोक चपला काढून, सतरंजी टाकून रीतसर बसले. वीज ऑफिसचा लाइनमन मीटर बघायला आला होता, तोही कोपऱ्यावरून हार घेऊन परत आला. एवढा आवाज ऐकून अप्पा अंगावर शाल घेऊन आतल्या खोलीतून बाहेर आले. आंबील प्यायल्यामुळे ताप उतरला होता. त्यांनी बघितलं, अंगण भरलंय, बायका रडतायत. कोणीतरी गेलं आहे एवढं त्यांना कळलं. कोण ते रडणाऱ्यांना विचारणं बरं दिसत नाही, म्हणून तेही हळूच सतरंजीच्या कडेला बसले आणि मान खाली घालून गेलेल्या माणसाबद्दल वाईट वाटून घेऊ लागले. थोड्या वेळाने त्यांनी शेजारी बसलेल्या चन्नव्वांना हळू आवाजात विचारलं, "लई दिवस अंथरुणावर व्हता का?" चन्नव्वा डोळे पुसत म्हणाल्या, "न्हाई हो अप्पा, दोनच दिवस," आणि मग त्यांनी मान वळवून बघितलं.

चन्नव्वा मिठाच्या पोत्यावर मागच्या मागे बसल्या आणि पोतं फुटलं, म्हणून बरं, नाही तर लागलं असतं. भजनी मंडळातल्या एकाने झांज टाकली ती खड्ड्यात गेली. मग जो हशा उसळला तो मी दुकानात ऐकला आणि काटा तसाच सोडून धावत आलो. अय्या हसत होते, चन्नव्वा रडत रडत हसत होत्या, अप्पा मात्र गंभीर. त्यांना पहिल्यांदा समजेचना. समजल्यावर त्यांनी विचारलं, "मग जे रडले ते खरं रडले का?" सगळ्यांनी खरं रडलो म्हणून सांगितलं. एवढ्या लोकांना तसं कसं पाठवायचं, म्हणून उमादेवीने पूजेसाठी केलेली हुग्गी सगळ्यांना वाढली. भजन झालंच, झांजा आणल्याच होत्या. काका, मी एवढी आनंदाची मयत आयुष्यात बघितली नाही.

पण तोपर्यंत कोणीतरी तुम्हाला फोन केला होता. कोणी केला ते मला माहीत आहे, नाव लिहीत नाही, त्यांचं दुकान माझ्या समोर आहे. तुम्ही इथल्या फुलवाल्याला फोन करून पाठवलेला हार जेवणाच्या पंगतीत आला. चिठ्ठीवर 'राघोबा, लातूर' बघून अप्पांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता हा माणूस अजून दहा वर्षं जाणार नाही. त्यांनी मला फोन लावायला लावला. तुम्ही तेव्हा उदगीर स्टँडवर उभे होतात, बस बदलायला, हे आम्हाला कसं माहीत असणार? फोन लागताच अप्पांनी माझ्या हातून हिसकावला आणि म्हणाले, "राघोबा, हार पोचला. पर लई लहान हाय की रं. माझी किंमत तुला येवढीच वाटली व्हय?" तिकडून आधी तुमचा हुंदका आला, मग एक शिवी आली, आणि फोन कट झाला. तुम्ही तिथूनच लातूरची बस धरलीत. उदगीरहून कमलनगर ते केवढं, आणि तुम्ही तिथून परत फिरलात! त्या दिवशी अप्पांनी संध्याकाळी कॉफी घेतली नाही. "च्येष्टा केली व्हती," असं दोनदा म्हणाले, मग फोनकडे बघत बसले.

आणि हरकतीची गोष्ट. तुम्ही लातूर सोडताना बसमध्ये डोळे पुसत पुसत पंचायतीच्या पीडीओसाहेबांना व्हॉइस मेसेज पाठवला होता. तो त्यांनी मला स्पीकरवर ऐकवला, ऑफिसातल्या सगळ्यांनी ऐकला. "सायेब, रेवणसिद्धप्पा गेला. माणूस देवावाणी व्हता. त्याच्यावानी दुसरा व्हनार न्हाई. पर अंगण सामाईक हाय. तिथं समाधी बांधायलेत आसं कळलं. दार माझं बी हाय. माझी हरकत लिवून घ्या." मध्ये मध्ये एवढं रडणं आहे की पीडीओसाहेबांना तो तीनदा ऐकावा लागला. दुःख वेगळं आणि अंगण वेगळं, हा तुमचा व्यवहारीपणा अप्पांना भारी आवडला. 'देवावाणी' तर त्यांनी पुन्हा पुन्हा लावून ऐकला. (तो मेसेज आता त्यांच्या फोनमध्ये आहे. सकाळी पूजेनंतर एकदा लावतात.)

इकडे वीज ऑफिसात नवीनच गंमत झाली. लाइनमनने हार आणायला जाता जाता ऑफिसात कळवून टाकलं होतं की मीटरवाले अप्पा लिंगैक्य झाले. परत येऊन त्याने हुग्गी खाल्ली, दोनदा मागून खाल्ली, पण बातमी दुरुस्त करायचं विसरला. क्लार्कने नियमाप्रमाणे आमचा अर्ज बाजूला ठेवला. त्याचं म्हणणं, मीटरधारक मयत, सही कुणाची धरायची? आधी मृत्यूचा दाखला आणा, मग सगळ्या वारसांची संमती आणा, मग मीटर नावावर करा, मग लोड वाढवा. मी म्हटलं, अहो, जिवंत आहेत. तो म्हणाला, मग हयातीचा दाखला आणा. त्याचं चुकत नव्हतं. तो जे जे मागत होता ते सगळं नियमात होतं, फक्त अप्पा नियमात बसत नव्हते. घरी येऊन सांगितलं तर अप्पा उठलेच. धुवट धोतर, डोक्याला रुमाल, कपाळभर विभूती, गळ्यातलं लिंग सावरलं, आणि काका, जे आजवर कधी घडलं नव्हतं ते घडलं. अप्पा त्या मुक्या गाडीत जाऊन बसले. "मेल्यावर कशात बी बसावं लागतंय," म्हणाले.

शैलश्री चालवत होती. पहिल्या चौकापर्यंत अप्पा दार धरून बसले होते. दुसऱ्या चौकात त्यांनी काच खाली करायला सांगितली. पेट्रोल पंपावरून जाताना त्यांनी पंपवाल्याला हात केला, तो हात जरा खिजवण्याचाच होता. वीज ऑफिसात शिरताना त्यांच्या हातात लाइनमनने आणलेला हार होता. तो त्यांनी त्याच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आजून ताजा हाय. दुसरीकडं कामाला येईल." तो बिचारा पाया पडला. क्लार्क उभा राहिला, पण नियम त्याने सोडला नाही. म्हणाला, अज्जा, तुम्ही जिवंत आहात हे मला दिसतंय, पण फाइलीला कसं दिसेल? तेवढ्यात सुधारानी मॅडम बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं, ओढणीचं टोक तोंडाला लावून हसून घेतलं, अर्ज टेबलावर मांडला आणि पेन पुढे केलं, "अज्जा, इल्ली साइन माडरी." अप्पांनी त्यांच्यासमोर सही केली, मॅडमनी खाली 'माझ्यासमक्ष' असं लिहून आपली सही केली, आणि अप्पा सरकारदरबारी परत जिवंत झाले. आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. परत येताना अप्पा म्हणाले, "सरळ घरी कामून जायलीस? जरा ठाणाकुशनूरकडनं घे."

तेव्हापासून अप्पांना गाडीचं वेड लागलं आहे. जे जे रडायला आले होते त्यांच्या घरी उलट भेट द्यायची, असं त्यांनी काढलंय. रोज संध्याकाळी शैलश्री दमून येते, आणि हे काठी घेऊन तयार. ज्याच्या घरी जातात तिथे बसतात, चहा घेतात, त्या दिवशी कोण किती रडलं याची चौकशी करतात, आणि निघताना म्हणतात, पुढच्या येळंला बी येत जावा. घरची माणसं हसून लोळतात. वर्षभर ज्यांनी कट्टा सोडला नव्हता ते आता तालुका हिंडतायत.

असो. मुद्द्यावर येतो, कारण मुद्दा गंभीर आहे. वीज ऑफिसचं सगळं झालं. पण मॅडम म्हणाल्या, अर्थिंगचा खड्डा ज्या जागेत आहे तिच्यावर पंचायतीत हरकत आहे, ती उठेपर्यंत मी मंजुरी देऊ शकत नाही. पीडीओसाहेब तर फारच पेचात आहेत. हरकत समाधीवर आहे, समाधी तर नाही, मग हरकत कशावर? पण नोंद आहे, नंबर पडला आहे, म्हणजे हरकत आहेच. ती मागे घ्यायची तर हरकतदाराने स्वतः, जातीने, कमलनगरला येऊन, खड्डा डोळ्यांनी बघून सही करायची. फोनवर चालत नाही, टपालाने चालत नाही, कुणाच्या हाती कागद पाठवूनही चालत नाही. (हा नियम मला अप्पांनी सांगितला. पीडीओसाहेबांना विचारायला ते एकटेच गेले होते.) आणि येऊन निदान आठ दिवस मुक्काम करावा लागतो म्हणे. (हाही अप्पांनीच सांगितला.) तोवर गाडी अंगणात उपाशी उभी आहे, शैलश्रीने बिदरला एक खोली बघूनही ठेवली आहे, आणि उमादेवी घासलेली भांडी पुन्हा घासते आहे. तेव्हा काका, राग सोडा, हात जोडून सांगतो. येत्या रविवारी काकूंना घेऊन उदगीरपर्यंत या. स्टँडवर, तुम्ही जिथे रडलात त्याच जागी, शैलश्री गाडी घेऊन उभी राहील. काकूंना पुढे बसवू, गुडघा लांब करता येतो.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुमच्या फोनला माझी विनवणी, की वाजल्यावर त्याने उचलून घ्यावं.

आपला,
शरणबसव

ता. क. – येताना लातूरहून काकूंच्या हातची लिंबाची फोड आणा. उमादेवीने हे मुद्दाम लिहायला सांगितलं आहे. मी नाही म्हटलं, आपण त्यांची क्षमा मागतोय. ती म्हणाली, लोणच्याशिवाय क्षमा कसली.

ता. क. २ – समोरच्या दुकानदाराने तुमची माफी मागितली आहे. पुढच्या वेळी आधी नाडी बघूनच फोन करीन, असं म्हणाला.

ता. क. ३ – काका, हे अप्पांना न सांगता लिहितो. तुम्ही हुशार आहात, तुमच्या लक्षात आलंच असेल की उपाशी उभी असलेली गाडी अप्पांना रोज गावोगाव कशी फिरवते आणि खोली घेणारी पोरगी रोज संध्याकाळी घरी कशी येते. चार्जर सुरू होऊन बरेच दिवस झाले. मॅडमनी एकदा येऊन बघितलं आणि एका वाक्यात सांगितलं, सामाईक जागेत कशाला, तुमच्या मागच्या अंगणात बेलाच्या झाडापाशी घ्या. सिद्धेश्वरने मिठा-कोळशाची पोती उचलून तिकडे नेली, मॅडमनी तपासलं, मंजुरी आली. हे लिहितानासुद्धा हिरवा दिवा लागलेला आहे. पीडीओसाहेबांनी तुमची हरकत 'कारण उरले नाही' म्हणून तेव्हाच मिटवली. तुमच्या सहीवाचून आमचं काहीही अडलेलं नाही. अडलं आहे ते अप्पांचं. तुम्ही लातूरला गेल्यापासून ते अजून दोन पेपर घेतात, कन्नड स्वतःचा आणि मराठी तुमचा. आपला वाचतात, आणि तुमचा घडी न मोडता कट्ट्यावरच्या तुमच्या बसायच्या दगडावर ठेवतात. त्यांना मराठी वाचता येतं की. मी एकदा म्हटलं, वाचा ना, तर म्हणाले, ते राघोबाचं काम हाय, त्यानं खोटं वाचायचं आन् मी खरं सांगायचं. वर्षभर त्यांनी कट्टा सोडला नाही तो तुमची वाट बघत. मला तुमची फार आठवण येते, काका. त्यांना किती येत असेल ते ते सांगणार नाहीत, नियम सांगतील. या.

ता. क. ४ – राघोबास, रेवणसिद्धप्पाचा शरणु. शरण्या डिंक आनाया गेला तवर वरचं समदं वाचलं. तीन नंबरचं खोटं हाय, ध्यान देऊ नको. सही लागती म्हंजे लागती. अंगणातला खड्डा म्या बुजवू दिला न्हाई. मीठ पडलं न्हाई त्यात, माती चांगली हाय. झाड लावायचंय. मी म्हनतो बेल, तू म्हनशील लिंब. हे भांडण एकट्यानं व्हत न्हाई. रविवारी ये. आन् हार खरंच लहान व्हता.

रेवणसिद्धप्पा
(हयात)